हाकेतून मी काय कापलं

बीडच्या बसस्टँडवर जुनं कुणी भेटलं की विचारतं, "सध्या काय चाललंय?" मी म्हणतो, "तेच, कलेचं." "म्हणजे चित्रं?" चित्रं नाहीत म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. एका लग्नात आमच्या सोयऱ्यांनी माझी ओळख करून दिली, "हे लायटिंग-साउंडचं बघतात, पण मोठ्या लेव्हलला. फॉरेनला जाऊन आलेत." मंडपवाल्याने मला लगेच भोंग्यापाशी नेलं आणि तो का घरघरतोय ते विचारलं. मी एक वायर बदलून दिली. घरघर थांबली. माझ्या कामाचं इतकं रोखठोक कौतुक पुढे कुठल्याच दालनात झालं नाही.

तर माझं काम. आपण डोळ्यांनी बघतो, कानांनी ऐकतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपण बरंचसं आधीच ठरवून ठेवलेलं असतं, डोळे-कान त्यावर नुसती सही करतात. ठरवणं आणि सही करणं यांच्यामध्ये एक बारीक फट असते. कॅमेरा, पडदा, स्पीकर, तारा असलं सामान घेऊन मी त्या फटीत बोट घालतो. एवढंच. हे काम मी पंचवीस वर्षं करतोय आणि चांगलं करतोय, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

अंबाजोगाईत एकदा एका कॉलेजच्या व्हरांड्यात मी मोठा पडदा लावला होता. समोर कॅमेरा. पडद्यावर तुम्हीच दिसायचे, पण सात सेकंद उशिरा. पोरंपोरी हात हलवून, उड्या मारून जायची. एक निवृत्त हेडमास्तर मात्र रोज यायचे आणि आरशासमोर उभं राहावं तसे शांत उभे राहायचे. चौथ्या दिवशी ते माझ्यावर उखडले. "सात सेकंदांपूर्वी माझी टोपी वाकडी होती. तुम्ही इथंच उभे होता. सांगायला काय झालं?" मी म्हणालो, "सर, मी पडद्याकडे बघत होतो." "तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि टोपी नीट करून निघून गेले.

परळीला एक बंद गोदाम मिळालं. सगळ्या फटी बुजवून भिंतीला करंगळीएवढं भोक ठेवलं, की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं पडतं. वीज नाही, यंत्र नाही, नुसता उजेड. भिंतीवर वीजकेंद्राचं धुराडं उलटं लटकलेलं आणि धूर खाली जमिनीकडे निघालेला. एक भुसार व्यापारी बघायला आले. मी त्यांना उजेड सरळ रेषेत कसा जातो, चित्र उलटं का पडतं, हे समजावायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. "उलटं कुठंय, साहेब? राख खालीच येती की. माझ्या गादीवर येऊन बघा. तुमचंच चित्र पहिल्यांदा बरोबर दाखवायलंय."

हे दोन किस्से मी भाषणांत सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. ज्या कामामुळे मला भाषणांना बोलावतात, त्याचा किस्सा मात्र मी अर्धाच सांगत आलोय.

त्या कामाचं नाव "पान्हा". एक अंधारी खोली, मधोमध लोखंडी पत्रा, वर एक भोंगा. भोंग्यातून म्हशीच्या पिल्लाची हाक येते. हाक आली की छतातून पत्र्यावर दुधाचा एक थेंब पडतो आणि त्याचा आवाज होतो. हाक थांबली की थेंब थांबतात. दाराशी पाटी: "दुष्काळात दगावलेल्या एका वगारीचा आवाज." म्हशीच्या मादी पिल्लाला आमच्याकडे वगार म्हणतात. ही खोली मी कितीतरी शहरांत उभी केली, परदेशातही. तिकडे एका ठिकाणी एक बाई आत अर्धा तास उभ्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "किती एकाकी हाक आहे. जगात कुणीच नसल्यासारखी." मी मान डोलावली.

गेल्या वर्षी गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनबाईंचा फोन आला. "काका, संस्थेचं नवं सभागृह झालंय. उद्घाटनाला तुमचं ते पान्हा लावा. आपल्याच माळावरची गोष्ट हाय म्हनत्यात, आन् आपल्याच गावानं बघितलेली न्हाई."

मी हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्या वगारीच्या मालकीण, कौसाबाई, अजून आहेत. सभागृहापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्या हाकेतून मी काहीतरी कापलेलं आहे, हे ऐकताक्षणी ओळखू शकेल असं माणूस जगात एकच, आणि ते पहिल्या रांगेत येऊन बसणार.

आता तो काळ. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. मी पंचविशीत, कला महाविद्यालयातून शिकून परत आलेला, गळ्यात उसना आणलेला रेकॉर्डर. पालीपाशी बिंदुसरेचं धरण तळाला गेलं होतं. त्याच्या भेगाळलेल्या गाळावरून चालताना होणारा आवाज मी दिवसच्या दिवस भरून घेत होतो. गावात मला "टेपवाला" म्हणायचे. दूध संस्थेने माळावर चारा छावणी काढली होती. ओळीने जनावरं बांधलेली, त्यांच्याशेजारी पालं टाकून त्यांची माणसं.

ज्यांच्या घरी कधी म्हैस नव्हती त्यांच्यासाठी सांगतो. म्हशीच्या कासेत दूध असलं म्हणजे ते मिळतं असं नाही. पिल्लू जवळ आलं, त्याने ढुशी दिली, की ती पान्हावते. आचळं ताठ होतात, दूध उतरतं. पिल्लू मेलं की ती दूध चढवून धरते. मग माणसं मेलेल्या पिल्लाच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यासमोर ठेवतात. त्याला भोत म्हणतात. म्हैस भोताला चाटते आणि पान्हावते. आमच्या धंद्यातली मोठी मोठी माणसं भ्रम, प्रतिमा यांवर जाडजूड लिहितात. आमच्याकडे ते गोठ्यात टांगलेलं असायचं.

छावणीत पिल्लं भराभर दगावत होती. म्हशींनी दूध चढवलं आणि संस्थेचे कॅन अर्धे भरायला लागले. तालुक्याहून दूध न्यायला येणारी गाडी बंद होईल अशी धास्ती होती. गाडी गेली की संस्था गेली, हे प्रत्येकाला कळत होतं.

एका सकाळी मला दिसलं की कौसाबाईंची वगार दाव्याला ओरडली आणि समोरच्या ओळीतल्या दोन म्हशी, ज्यांची पिल्लं मेली होती, थेंब थेंब गळायला लागल्या. पिल्लू दिसलंसुद्धा नव्हतं. नुसता आवाज. मी तसाच चेअरमनकडे गेलो. सगळे त्यांना आबा म्हणायचे. मोठी जमीन, मोठा आवाज, आणि चार माणसांत मला हाक मारायची एक खास तऱ्हा.

"काय बे कलाकार, कुनीकडं?"

"आबा, संस्थेचा भोंगा द्या. वगारीची हाक भरून घेतो. धारेच्या वेळी लावू. सगळ्याच म्हशी पान्हावतील."

"म्हशी काय खुळ्या हायत का बे?"

"भुसा भरलेल्या भोताला चाटतातच की."

आबा पोट हलवत हसले. "तेबी खरंय. आमच्या भाषनाला मानसं टाळ्या देत्यात, तर म्हशीला कावून नावं ठेवायची. ने भोंगा."

कौसाबाई धनगरवाड्यातल्या. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, ह्या एकट्या चंद्रीला, म्हणजे म्हशीला, आणि तिच्या वगारीला सांभाळून होत्या. हाक भरून घेऊ का विचारल्यावर म्हणाल्या, "घे की. तिच्या वरडन्याला काय मोल हाय? रातंदिस वरडतीच." पण मला हवी होती ती रोजची कुरकुर नव्हती. मला भुकेची, आईला खेचून आणणारी हाक हवी होती. म्हणून मी सांगितलं की धारेच्या वेळी वगारीला दहा पावलांवर बांधा आणि मी म्हणेन तेव्हा सोडा.

पहिल्या दिवशी हाक सुंदर येत होती, चंद्री पान्हावली, आणि नेमका पाण्याचा टँकर आला. टेपवर नुसती घरघर. मी तो जाईपर्यंत थांबायला लावलं. आता हे कळायला हवं होतं, आणि मला कळत होतं, की पान्हा फार वेळ टिकत नाही. तेवढ्यात पिल्लू लागलं नाही तर म्हैस दूध पुन्हा चढवते. वगारीला सोडलं तेव्हा कास सैल पडली होती. ती ढुश्या देत राहिली आणि तिला घोटभर मिळालं असेल नसेल. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पालावर भांडण लागलं, टेपवर शिव्या आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला, टँकर नाही, भांडण नाही. वगारीचा आवाज आता थोडा चिरकत होता. माझ्या कानाला तो आणखी चांगला वाटला. कौसाबाई दावं हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "सोडू का, दादा?" मी म्हणालो, "थांबा." पुन्हा हाक. "सोडू का?" "थांबा, मावशी." त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी बोललोही नाही, नुसता तळहात वर केला. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत वगार ओरडत राहिली.

चार दिवसांनी ती मेली.

छावणीत तेव्हा रोज एखादं पिल्लू जायचं. ती आधीपासून अशक्त होती. माझ्यामुळेच गेली असं मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि माझ्यामुळे गेली नाही असंही नाही. गुरांच्या डॉक्टरांना मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही.

भोंगा चालला. पहिल्या सकाळी कॅसेटच्या शेवटची, मध्ये कुणाचं बोलणं नसलेली हाक खांबावरून सुटली आणि ओळीच्या ओळी म्हशींनी कान टवकारले. बायका बादल्या घेऊन पळत सुटल्या. कॅन भरले, गाडी टिकली. आबांनी मला शाल-नारळ दिला आणि भाषणात म्हणाले, "यानं म्हशीला येडं बनवलं, आता मानसांना बनवंल." तंत्र म्हणून ते काम बिनचूक होतं, आजही मी ते बदलणार नाही.

आठवड्याभरात बाकीच्या म्हशी शहाण्या व्हायला लागल्या. हाक आली तरी रवंथ चालूच. चंद्री मात्र शहाणी झाली नाही. तिच्यासाठी तो कुठल्यातरी पिल्लाचा आवाज नव्हता. भोंगा लागला की ती खांबाकडे तोंड करायची, बादली खाली जायच्या आत दूध मातीत गळायचं, आणि मग ती दाव्याला हिसके देत राहायची. दोनदा दावं तोडून खांबापाशी जाऊन उभी राहिली. कौसाबाई माझ्याकडे आल्या. "दादा, ते बंद कर. ती चाऱ्याला तोंड लावंना."

मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आनखी चार दिस चालू दे. गाडीवाल्याला जरा भरवसा येऊ दे." वायर मीच जोडलेली होती. हात वर केला की सुटली असती. मी चार दिवस चालू दिलं. तिसऱ्याच दिवशी कौसाबाई चंद्रीला घेऊन छावणी सोडून भावाच्या गावी चालत गेल्या. त्या वर्षी चारा मिळत असलेली जागा सोडून जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी दुष्काळ बघितलाय त्यांना सांगायला नको. म्हैस तिकडे गेल्यावर आटली, असं मागाहून कळलं.

कॅसेट माझ्याकडे राहिली. दोन वर्षांनी मी तिच्यापासून "पान्हा" केलं. करताना माणसांचे सगळे आवाज काढून टाकले. स्वतःला कारण दिलं की आवाज स्वच्छ हवा. आमच्या धंद्यात हे कारण कुणीही मान्य करतं.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी मी कौसाबाईंकडे गेलो. दुपारची वेळ. त्या दारात बसून शेळ्यांसाठी शेंगांच्या टरफलातला केर निवडत होत्या. आता केस पूर्ण पांढरे, पाठीला बाक.

"कोन, टेपवाला का? लई जाड झालास रे."

"हो मावशी."

"बस. चहा टाकती. परदेशात जातोस म्हनं. तितं म्हशी हायत का?"

"गायी आहेत."

"गायीला काय अक्कल असती," त्या म्हणाल्या आणि उठायला लागल्या. मी त्यांना बसवलं. चहा प्यायल्यावर बोलायचं झालं नसतं, माझं मला माहीत होतं. मी लहान स्पीकर उंबऱ्यावर ठेवला आणि न कापलेली कॅसेट लावली.

पहिल्या हाकेला त्यांचे हात थांबले. "चंद्रीची वगार हाय ती." मग त्यांचाच आवाज आला, "सोडू का, दादा?" त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसल्या. "आगं बाई, किती करकर बोलायची मी!" मग माझं "थांबा" आलं. पुन्हा त्या, पुन्हा मी. त्या हसायच्या थांबल्या. शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी बराच वेळ नुसती वगार होती.

मी सांगितलं. मला कळत होतं, तरी मी थांबवलं. चांगला आवाज मिळत होता म्हणून थांबवलं. तिच्या जाण्यात माझा हात आहे, आणि नंतर चंद्रीच्या हालातही. एवढी वर्षं मी पाटीवर दुष्काळाचं नाव लिहितोय.

कौसाबाईंनी मूठभर टरफलं शेळीपुढे टाकली. "ती तशीबी जगली आसती का न्हाई, मला ठाव न्हाई. माझ्या हातात दावं व्हतं. मी सोडलं आसतं तर तू काय मारनार व्हतास का मला? शिकलेला मानूस थांब म्हनला, म्हनून थांबले." मग माझ्याकडे वळल्या. "हे समदं लोकांनी ऐकलंय?"

"नाही. वगारीचा आवाज तेवढा ठेवलाय. बोलणं कापलं."

"कावून?"

"आवाज स्वच्छ यावा म्हणून."

"माझा आवाज घान हाय का?"

"तसं नाही, मावशी..."

"मग कसं?" त्यांचा आवाज चढला. त्या इतक्या चिडतील असं मला वाटलं नव्हतं, आणि चिडल्या त्या भलत्याच ठिकाणी. "मी तीनदा इचारलं. येकदा न्हाई, तीनदा. तू देशोदेशी माझी वगार वरडवत हिंडलास आन् लोकांना वाटलं आसंल, हिला सोडायला कुनी व्हतंच न्हाई. मेली म्हनून मेली, बेवारस मेली. मी व्हते की तितं! दावं हातात धरून व्हते!"

त्या परदेशातल्या बाईला जी हाक एकाकी वाटली ती तशी मी बनवली होती, हे मला त्या उंबऱ्यावर पहिल्यांदा कळलं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कानांविषयी बोलत होतो.

"घाल माघारी," त्या म्हणाल्या. "माझं बोलनं घाल. आन् तुझं थांबा बी घाल. अर्धं नगं."

मी विचारलं, "गावासमोर?"

"मग काय मुंबईला? गाव वळखतं आपल्याला."

मी आठ दिवस बसून काम पुन्हा बांधलं. बोलणं जिथल्या तिथे ठेवलं, टँकरची घरघर ठेवली, भांडणातल्या शिव्या तेवढ्या चेअरमनबाईंच्या सांगण्यावरून काढल्या. पाटीवरचं वाक्य पुसून वगारीच्या मालकिणीचं नाव लिहिलं आणि खाली आवाज कुणी भरून घेतला ते.

उद्घाटनाच्या दुपारी सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावले. सगळं गाव आलं होतं. दूध घालणाऱ्या बायका चटईवर, पुरुष मागे भिंतीला टेकून. कौसाबाई पुढच्या खुर्चीत, नव्या लुगड्यात. हाक सुटली. पत्र्यावर पहिला थेंब पडला तेव्हा कुणीतरी "आरं देवा" म्हणालं. मग अंधारातून त्यांचा जुना, करकरीत आवाज आला, "सोडू का, दादा?"

शहरातल्या दालनात लोक अशा वेळी श्वास धरून उभे राहतात. इथे चटईवरून एक बाई ओरडली, "सोड की गं!" लगेच दुसरी, "आगं सोड, लेकरू वरडतंय!" मग सगळीकडून एकच गिल्ला झाला, सोड, सोड. त्या भोंग्याकडे बघून ओरडत होत्या, जणू दावं अजून हातात आहे आणि अजून वेळ आहे. कौसाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.

त्या गलक्यात माझा पंचविशीतला आवाज आला, शांत आणि खात्रीचा. "थांबा."

गलका एकदम बंद पडला. अंधारातसुद्धा मला कळलं की सगळी माणसं भोंग्याकडून वळून माझ्याकडे बघतायत. पुढे आणखी दोन वेळा विचारणं होतं, आणखी एक थांबा होतं, आणि मग ती लांबच लांब हाक. बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. मी हात मांडीवर ठेवला आणि शेवटपर्यंत चालू दिलं.